पिस्तुलाची निळाई

चन्नवीरनं उभ्या जन्मात कुणाला चापट मारली नव्हती. अडतीच्या दुकानात उंदीर फार झाले की सापळा हमाल लावायचा, आणि उंदीर अडकला की हा आतल्या खोलीत जाऊन उगाच पावत्या चाळत बसायचा. गळ्यात चांदीच्या करडिगेत, म्हणजे डबीत, लिंग, कपाळाला विभूती, आणि सात पिढ्यांत घरात कुणी अंडं फोडलेलं नाही. अशा माणसाला पिस्तुलाचं वेड लागावं, तेही झाडण्यासाठी नव्हे तर नुसतं हातात धरून बघण्यासाठी, याचं उत्तर सोलापुरातल्या त्याच्या भाऊबंदांकडे नव्हतं. बायको गुरम्मा मात्र कानडी हेलात सरळ विचारायची, "एन्री, गळ्यात लिंग आन् हातात पिस्तूल, देवानं कुणीकडं बघायचं?" आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढायला घ्यायची.

वेड तसं पिस्तुलांचं नव्हतंच, एका पिस्तुलाचं होतं. ते केम गावच्या आबासाहेबांचं. पंचवीस बोअरचं, तळहातात मावणारं, बर्मिंगहॅमला घडलेलं. रेल्वेच्या कुणा इंग्रज इंजिनिअरनं देश सोडताना ते आबासाहेबांच्या वडिलांना रीतसर विकलं होतं. छप्पन साली आबासाहेब शेंगा घेऊन मंगळवार पेठेत चन्नवीरच्या अडतीवर आले, पैसे झाल्यावर आतल्या खोलीत पंख्याखाली आडवे झाले आणि कमरेचं पिस्तूल काढून उशाशी ठेवलं. चन्नवीर चहा घेऊन आत गेला आणि चहा निवेपर्यंत तिथंच उभा राहिला.

त्याला भुरळ घातली ती रंगानं. पोलाद भाजून चढवलेला तो जुना रंग असतो. सरळ धरलं की काळं दिसतं, जरा कलतं केलं की आतून निळं होतं. पावसाळ्यात संध्याकाळी एकरुखच्या तलावाचं पाणी दिसतं तसं. चन्नवीर त्याला निळाई म्हणायचा. एरवी ज्वारीच्या आणि करडईच्या भावापलीकडे न बोलणारा हा माणूस त्या निळाईवर बोलायला लागला की ऐकणाऱ्याला जांभया यायच्या. आबासाहेबांना मात्र आल्या नाहीत. ते उठून बसले आणि त्यांनी पिस्तूल रिकामं करून त्याच्या हातात दिलं. आपल्या वस्तूवर आपल्यापेक्षा जास्त जीव टाकणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी चन्नवीरला केमला बोलावलं. देवघरासमोर पाटावर तलवार, विळा, कुऱ्हाड आणि शेजारी पिस्तूल मांडलं होतं, आणि मथुराबाईंनी, म्हणजे आबासाहेबांच्या पत्नीनं, सगळ्यांना सारखंच ओलं हळदकुंकू लावून वर पाणी शिंपडलं होतं. ते बघून चन्नवीरच्या तोंडून हायच निघाली. "आबा, काय केलंत हे! रंग खाऊन टाकील हे कुंकू!" आणि धोतराच्या सोग्यानं तो पिस्तूल पुसायलाच बसला. घरातली सगळी माणसं बघत राहिली. आबासाहेब मोठ्यानं हसले आणि त्या दिवसापासून त्यांनी घरात नियम घातला. पिस्तूल कोरड्या पानावर ठेवायचं, हळदकुंकू पाटाच्या कडेला वाहायचं, पाण्याचा थेंब जवळ आणायचा नाही. "भावजींचा द्येव लई सोवळ्याचा हाय," असं म्हणून मथुराबाई पदराआड हसायच्या. पण त्यांनी तो नियम कधी मोडला नाही.

मग दर नवमीला चन्नवीर सकाळच्या गाडीनं केमला जायचा. ओसरीवर वर्तमानपत्र पसरून दोघं पिस्तूल सुटं करायचे, एकेक भाग शिलाई मशीनच्या तेलानं पुसायचे आणि पुन्हा जोडायचे. पुरणपोळी खाऊन हा संध्याकाळच्या गाडीनं परत. दोन माणसं वर्षातून एकदा भेटतात आणि दिवसभर एका यंत्राबद्दल बोलतात, याला मैत्री म्हणायचं की आणखी काही, हा प्रश्न दोघांनाही कधी पडला नाही. मजेत चाललं होतं, आणि मजेत चाललेल्याची चौकशी कोण करतो?

"विकत देणार का?" हे चन्नवीर दरवर्षी एकदा विचारायचाच. आबासाहेबांचं उत्तरही ठरलेलं असायचं.

"मी जित्ता हाय तवर न्हाय. मी गेल्यावर तुमीच न्यायचं, शेट. पोरी आपापल्या घरी, तुमच्याबिगर त्याला कोन जपनार हाय?"

ऐकायला किती गोड वाटायचं ते. त्या वाक्यात एक मरण आहे, हे चन्नवीरच्या ध्यानात यायला बरीच वर्षं जावी लागली.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आबासाहेबांच्या पोटात गाठ निघाली. सोलापूरला दाखवायला आणलं तेव्हा डॉक्टरांकडे चन्नवीरच बरोबर गेला. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, खाऊ वाटेल ते खाऊ द्या. चन्नवीर दवाखान्याच्या जिन्यात भिंतीकडे तोंड करून रडला. मग डोळे पुसून वर आला आणि आबासाहेबांना म्हणाला की औषधानं उतार पडेल.

आणि त्याच आठवड्यात त्यानं पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज दिला.

रडणं खरं होतं आणि अर्जही खरा होता. माणसाच्या पोटात दोन्ही एका वेळी मावतं, आणि ज्याला हे पटत नाही त्यानं स्वतःकडे एकदा नीट बघावं. चन्नवीरकडे कारणंही होती. परवान्याला महिनोन्महिने लागतात. माणूस गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, जमा करावं लागतं, आणि जमा झालेलं हत्यार उद्या कुण्या ऐऱ्यागैऱ्यानं उचललं तर? आबांचीच इच्छा आपण पुरी करतोय, असं त्यानं स्वतःला समजावलं. कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनानं सल्ला दिला, "शेट, कुठलं हत्यार, कुणाकडून घेणार, ते आत्ताच लिहून टाका. काम लवकर होतं." चन्नवीरची लेखणी जरा थांबली. मग त्यानं आबासाहेबांचं नाव लिहिलं. हे कोण वाचणार, असं त्याला वाटलं. सरकार कागद वाचत नाही यावर व्यापाऱ्याचा भारीच भरवसा असतो.

आषाढात तो केमला जाऊन आला. आबासाहेब बाजेवर होते, अंगाचं नुसतं चिपाड झालेलं. तरी त्यांनी पिस्तूल मागवून घेतलं. वर्तमानपत्र बाजेवरच पसरलं. स्प्रिंग दाबायला त्यांच्या बोटांत जोर उरला नव्हता, ती चन्नवीरनं दाबली. तेल लावून झाल्यावर आबासाहेबांनी ते खिडकीच्या उजेडात कलतं धरलं.

"निळाई बगा शेट, अजून हाय तशी हाय. मानूस वाळतंय, पर ह्ये न्हाय."

आता सांगून टाकावं, असं चन्नवीरच्या दोनदा ओठांवर आलं. आबा, मी अर्ज दिलाय, रागावू नका, वेळ लागतो म्हणून दिलाय. तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित हसण्यावारी गेलं असतं. पण मथुराबाई चहा घेऊन आल्या आणि ते राहून गेलं. श्रावणात तो गेला नाही. हंगाम आहे, असं घरी म्हणाला. श्रावणात कसला आलाय अडतीचा हंगाम? आबासाहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून बसणं त्याला जड जात होतं, एवढंच.

भाद्रपदात तार आली. चन्नवीर दहाव्याला केमला गेला. गर्दीत मथुराबाईंशी बोलणं झालं नाही. त्यांचा भाऊ रामहरी तेवढा जवळ येऊन म्हणाला, "शेट, कायद्यापरमानं पिस्तूल सोलापुरात नबीलालच्या दुकानात जमा केलंय. दाजी सांगून गेलेत, त्ये तुमालाच द्यायचं म्हून." चन्नवीरनं मान डोलावली. आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याची त्याला तिथंच, त्या पिंडांसमोर, लाज वाटली.

मार्गशीर्षात परवाना हातात पडला. रामहरी आणि मथुराबाई सह्यांसाठी सकाळच्या गाडीनं आले. नबीलालचं बंदुकांचं दुकान सात रस्त्याजवळ होतं. अंधारं, तेलाच्या वासाचं, भिंतीला साखळीनं बांधलेल्या दोन-चार बंदुका आणि समोर एक बाक. चन्नवीर सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. स्वतःच्या लग्नात घातला नसेल इतका परीटघडीचा कोट त्यानं घातला होता. मथुराबाई डोक्यावरचा पदर सावरत बाकावर बसल्या. कुंकवाशिवाय त्यांचं कपाळ बघायची सवय नव्हती, म्हणून तो त्यांच्या हातांकडे बघत होता.

नबीलालनं कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं पुडकं काढलं, पण लगेच सोडलं नाही. "शेठ, पैलेच बोलता हूं. मेरे पे गरम नक्को होना. मेरे पास आया तबसे ऐसाइच है."

त्यानं फडकं उलगडलं.

आधी चन्नवीरला वाटलं की हे दुसरंच काहीतरी आहे. घासलेल्या चांदीच्या ताम्हनासारखं पांढरं, चकचकीत पोलाद समोर पडलं होतं. त्याच्यावर कुठंही निळं नव्हतं. काळंही नव्हतं. अक्षरांच्या खाचांत राखेचा पांढुरका गाळ बसला होता आणि सांध्यांतून तांबूस ठिपके डोकावत होते. त्यानं ते उचललं. वजन ओळखीचं होतं. मुठीवरचा तो एक टवका ओळखीचा होता. बाकी सगळं उतरून गेलं होतं.

"लख्ख निगालंय न्हवं भावजी?" मथुराबाई पुढं झुकल्या. किती महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला असेल कुणास ठाऊक. "माज्या हातानं घासलंय. चिंच आन् चुलीतली राख. द्येवाची भांडी घासते तसं."

चन्नवीरनं विचारलं, "आबांना... आबांना माहीत होतं?"

"अवो, त्येंनीच सांगितलं की! सरावणात करमाळ्याचा पोलीस आला हुता. चांगला हुता मानूस, आमच्यात च्या घेतला. म्हनला, आबासाहेब, सोलापूरच्या चन्नवीर शेटनी अर्ज दिलाय, तुमचं पिस्तूल त्ये घेनार हाईत. तुमची ना न्हाय न्हवं? त्ये उटून बसले. म्हनले, माजी कशापायी ना? लिवून घ्या."

रामहरी बाहेर रस्त्याकडे बघत होता. नबीलाल उगाच कपाटाची कडी चाचपत राहिला.

"मग?" चन्नवीर म्हणाला.

"मग काय, दिसभर गप पडून हुते. दुसऱ्या दिशी म्हनले, ती वस्तू आन. शेट न्यायला येनार हाईत, चांगली घासून ठेव, द्येवाच्या भांड्यावानी. मी म्हनलं, अवो, भावजी तर कुकवाचं बोट लागू देत न्हाईत, आन् त्येला चिंच कशी लावू? तर म्हनले, आता चालतंय."

चन्नवीरनं पिस्तूल हळूच फडक्यावर ठेवलं.

"गोळ्या त्येंनीच काडल्या. मी अंगनात पाट घिऊन बसले आन् त्ये बाजंवरनं बगत हुते. घासता घासता काळं पानी निगाया लागलं, तवा मी थांबले. म्हनलं, ह्येचा रंग चाललाय वो. म्हनले, जाऊ दे. नीट घास, कोपरं ठिवू नगं."

"रागात होते का, वैनी?"

"राग?" मथुराबाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. "राग कशाचा? डोळ्यांत पानी हुतं त्येंच्या. मी म्हनलं, लई दुकतंय का? तर म्हनले, व्हय."

चन्नवीरला आता सगळं दिसलं, आणि दिसू नये असं वाटूनही दिसत राहिलं. ती निळाई म्हणजे काय चीज आहे, हे साऱ्या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातल्या एकानं बाजेवर बसून, उघड्या डोळ्यांनी, ती दुसऱ्यासाठी धुऊन टाकायला लावली होती. अठरा वर्षं हा कशासाठी येत होता, याचा हिशेब त्या आजारी माणसानं श्रावणात एका दिवसात केला असणार. शेट माझ्यासाठी येत नव्हता. मी मरायची वाट बघत होता. पिस्तूल आबासाहेबांनी नाकारलं नाही, शब्द मोडला नाही. फक्त ज्याच्यासाठी हा येत होता तेवढंच काढून घेतलं आणि उरलेलं लोखंड पाठवून दिलं.

आणि खोटं आहे, असं म्हणायला चन्नवीरची जीभ रेटेना. तो आबासाहेबांना आठवू लागला तर आठवण्यातही त्यांच्या हातात पिस्तूलच यायचं.

"पुन्याकू भेजता हूं शेठ," नबीलाल हलक्या आवाजात म्हणाला. "नया रंग चढाके देते. एकदम पैले जैसा."

"नको."

"बरं न्हाय का जालं, भावजी?" मथुराबाईंचा चेहरा उतरला. "माजं काय चुकलं का?"

चन्नवीरनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. चिंचेनं, राखेनं, आयुष्यभराच्या भांड्यांनी भेगाळलेले हात. नवऱ्याचं शेवटचं सांगणं त्यांनी किती मन लावून पार पाडलं होतं.

"छान झालंय, वैनी," तो म्हणाला. "इतकं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं."

"मग माजा जीव भांड्यात पडला बगा."

व्यवहार नबीलालनं उरकला. सह्या, अंगठे, परवान्यावर नोंद. अठरा वर्षं मनात घोळवलेली घटका अशी चुटकीसरशी पार पडली आणि पिस्तूल चन्नवीरच्या कोटाच्या खिशात गेलं. तो त्यांना टांग्यापर्यंत सोडायला निघाला. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यानं विचारलं, "मुली बऱ्या आहेत?"

"धाकटीला दिस गेल्यात. आलीया बाळंतपनाला."

"ही... जेऊरला दिलेली?"

"जेऊरची थोरली, भावजी." मथुराबाई समजून घेतल्यासारखं हसल्या. "धाकटी बार्शीला. मागल्या नवमीला तुमाला पोळ्या तिनंच तर वाडल्या."

पिस्तुलाचा कुठला स्क्रू किती आवळला की अडकतो, हे चन्नवीर झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. ती पोरगी त्याला आठवेना. तिचा हात, तिचं ताट, काहीच. आबासाहेबांनी काही चुकीचं ओळखलं नव्हतं.

टांग्यात बसल्यावर मथुराबाई म्हणाल्या, "नवमीला येनार न्हवं? त्ये म्हनायचे, आता शेटचं केमला काय काम, आता न्हाय येनार त्ये. मी म्हनलं, का न्हाय येनार, पैज लावा. पिस्तूल नसलं म्हून मानूस मानसाकडं जात न्हाय व्हय?"

"येणार की, वैनी. येणारच."

टांगा हलला. पुढं बसलेल्या रामहरीला मथुराबाई सांगत होत्या ते चन्नवीरला रस्त्यातल्या गोंगाटातूनही ऐकू आलं. "बगितलंस? म्या म्हनलं नव्हतं?"

पिस्तूल घरी कपाटात गेलं. चन्नवीर त्याला अधूनमधून तेल लावायचा, गंज पुढं सरकू द्यायचा नाही, पण उजेडात धरायचा नाही. गुरम्मानं एकदा विचारलं की इतकं डोक्यावर घेतलं होतं ते हेच का. तो हेच म्हणाला. त्यावर ती ताट वाढायला गेली.

नवमीच्या दिवशी तो पहाटेच उठला. लिंगपूजा केली, धुतलेलं धोतर नेसला. गुरम्मानं मथुराबाईंसाठी शेंगाचटणी आणि बार्शीच्या बाळासाठी झबलं पिशवीत भरून ठेवलं होतं. चन्नवीर वहाणा घालून उंबऱ्याशी बसला. त्यानं मनात हजारदा जुळवून बघितलं होतं. त्या घरात जायचं तर मथुराबाईंच्या हातची पोळी खायची, आणि ती खायची तर आधी सांगायला हवं होतं की तो अर्ज मी आबांना न विचारता, त्यांच्या मरणावर नजर ठेवून दिला होता, आणि पोलीस आला तेव्हा त्यांना काय कळलं. तेवढ्यावर भागणार नव्हतं. मग चिंचेचंही सांगावं लागलं असतं. आपल्या नवऱ्यानं शेवटच्या दिवसांत आपल्या हातून काय करवून घेतलं, हे त्या बाईला कळलं असतं. एवढ्या अभिमानानं पुढं केलेले हात त्यांनी मग कुठं लपवले असते?

सांगता येत नव्हतं आणि न सांगता जाता येत नव्हतं. गाडीची वेळ झाली, टळली. गुरम्मा बाहेर आली, तिनं पिशवी उचलून आत नेली. लाजेनं राहिला की पिस्तूल मिळालं म्हणून राहिला, हे घरातल्या घरात तिला तरी कळलं असेल. केमवरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसणार होतं.

दिवाळीनंतर रामहरी शेंगांची गाडी घेऊन अडतीवर आला. रामराम झाला, पाणी झालं. मग तो टोपी सारखी करत, जरा संकोचून म्हणाला, "शेट, आक्का त्या दिशी सांजच्या गाडीपातूर उपाशी हुती. आन् तुमाला एक निरोप दिलाय."

"काय?"

"म्हनली, शेटला सांग, पैज आमचं मालकच जितले."

चन्नवीर पावत्या पुढं ओढून उगाच चाळत बसला. रामहरी पोती उतरवून घ्यायला बाहेर गेला.